शहराचे सांडपाणी आणि नाल्याकाठची गावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातील जिल्ह्याच्या ठिकाणांचे सांडपाणी शहराची हद्द ओलांडले की कोणत्या ना कोणत्या गावाच्या शिवारातून वाहत जाते. त्या पाण्यावर ओलीत करणारे शेतकरी, नाल्याकाठी विहीर असलेली कुटुंबे आणि ग्रामपंचायतींचे सदस्य यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत, नंतरचे अडचणीचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा न सांगता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शहराचे सांडपाणी म्हणजे नक्की काय, आणि नाल्याला ते येते तरी किती?

घरांतील मोरी, संडास व स्वयंपाकघर यांतून बाहेर पडलेले पाणी आणि त्यात मिसळलेले हॉटेले, दवाखाने, गाड्या धुण्याची दुकाने यांचे पाणी म्हणजे शहराचे सांडपाणी. वजनाने पाहिले तर त्यात ९९.९ टक्के पाणीच असते. सारा खटाटोप उरलेल्या ०.१ टक्क्यासाठी असतो.

भुयारी गटार योजना आखताना माणशी रोज १३५ लिटर पुरवठा धरतात आणि त्यातील ८० टक्के, म्हणजे १०८ लिटर, सांडपाणी होऊन परत येते असे मानतात. २०११ च्या जनगणनेत वर्धा शहराची लोकसंख्या १,०६,४४४ होती. एवढ्या शहराचे रोजचे सांडपाणी या हिशेबाने सुमारे १ कोटी १५ लाख लिटर, अभियंत्यांच्या भाषेत साडेअकरा एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर), भरते. एका एकराला ६ सेंटिमीटरचे एक ओलीत द्यायला साधारण २ लाख ४३ हजार लिटर पाणी लागते. म्हणजे कागदावर पाहिले तर हे पाणी रोज ४७ एकर भिजवू शकते. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या शहरात हा आकडा अर्थातच खाली येतो. तरीही पाऊस सरल्यावर आपल्याकडच्या कित्येक नाल्यांत जे वाहते ते बहुतांशी शहराचेच असते, आणि म्हणूनच उन्हाळ्यात या पाण्याचे मोल वाटते आणि धोकाही त्याच दिवसांत वाढतो, कारण त्यात मिसळायला दुसरे पाणी नसते.

२. प्रक्रिया केंद्रात पाण्याचे काय करतात? औषध टाकतात का?

औषध शेवटी, आणि तेही थोडे. मुख्य काम जिवाणू करतात.

आलेले पाणी प्रथम लोखंडी जाळ्यांतून जाते. तेथे चिंध्या, प्लास्टिक, केस अडतात. पुढच्या टाकीत वेग कमी करून रेती खाली बसवतात. त्यानंतरची टाकी महत्त्वाची. तिच्यात तळातून हवेचे बुडबुडे सोडतात आणि त्या हवेवर जगणारे जिवाणू पाण्यात विरघळलेली घाण खाऊन वाढतात. हे जिवाणू एकमेकांना चिकटून तपकिरी गोळे तयार होतात, शांत पाण्यात ते गोळे तळाशी बसतात आणि वरचे निवळ पाणी पुढे जाते. खाली बसलेल्या गाळाचा काही भाग विरजणासारखा पुन्हा हवेच्या टाकीत सोडतात आणि उरलेला काढून वाळवतात. ही सगळी कामे वेगवेगळ्या टाक्यांत केली तरी चालतात किंवा एकाच टाकीत घड्याळ लावून आळीपाळीने केली तरी चालतात. दुसऱ्या पद्धतीला एसबीआर म्हणतात आणि नव्या केंद्रांत ती पुष्कळ दिसते. सर्वांत शेवटी रोगजंतू मारण्यासाठी क्लोरीन देतात किंवा अतिनील किरणांखालून पाणी नेतात.

केंद्राच्या वीजबिलाचा निम्म्याच्या आसपास भाग एकट्या हवा सोडण्यावर जातो. त्यातच तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३५ अंशाला सुमारे ७. जिवाणूंची भूक मात्र उष्णतेने वाढते. म्हणून आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हवा सोडणाऱ्या ब्लोअरला विश्रांती देऊन चालत नाही, आणि बिल वाचवण्यासाठी नेमके तेच केले जाण्याची भीती असते.

३. केंद्र आमच्याच शिवारात का बांधतात? शहरात जागा नसते का?

सांडपाणी शक्यतो उताराने वाहून न्यावे लागते, कारण पंपाने उचलण्याचा खर्च कायमचा मागे लागतो. शहराचा सर्वांत सखल भाग नाल्याच्या खालच्या अंगाला असतो आणि तेथे हद्द संपून गाव सुरू झालेले असते. म्हणून जागेची निवड बहुधा तांत्रिकदृष्ट्या बरोबर असते. मात्र जागा गावाची, वास गावाला आणि पाण्याचा निर्णय शहराचा, ही तक्रार रास्त आहे. जागेचा ठराव होत असतानाच शुद्ध केलेल्या पाण्यातील गावाचा वाटा लेखी मागावा. नंतर मागण्याला वजन राहत नाही (प्रश्न १४ पाहावा).

४. अहवालात बीओडी, टीएसएस असे आकडे असतात. ते कसे वाचायचे?

बीओडी म्हणजे पाण्यातील घाण खाऊन संपवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू. नमुना २७ अंशांवर ३ दिवस ठेवून तो मोजतात. आकडा जितका मोठा तितकी घाण अधिक. टीएसएस म्हणजे तरंगणारे कण. फीकल कोलिफॉर्म म्हणजे विष्ठेतून येणाऱ्या जिवाणूंची मोजणी. शेतकऱ्याच्या दृष्टीने या तिसऱ्या आकड्याला सर्वांत जास्त महत्त्व आहे, आणि अहवाल दाखवताना नेमका त्याच्यावरच कोणी बोट ठेवत नाही.

मर्यादा एकच नाही, त्यामुळे गोंधळ होतो. पर्यावरण संरक्षण नियमांतील जुन्या सर्वसाधारण मर्यादेनुसार नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याचा बीओडी लिटरमागे ३० मिलिग्रॅमपर्यंत आणि थेट ओलितासाठी जमिनीवर सोडायच्या पाण्याचा १०० पर्यंत चालत असे. केंद्र शासनाच्या १३ ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेने प्रक्रिया केंद्रांसाठी महानगरांत २० व इतरत्र ३० ही मर्यादा ठेवली आणि फीकल कोलिफॉर्म १०० मिलिलिटरला १,००० च्या आत असावेत असे सांगितले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात बीओडीची मर्यादा १० वर आणली. वाद घालण्यापूर्वी त्या केंद्राला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेल्या संमतिपत्राची प्रत मिळवावी. त्या केंद्रावर बंधनकारक असलेला आकडा तेथे लिहिलेला असतो.

५. केंद्र चालू आहे असे नगरपरिषद सांगते. मग आमचा नाला काळाच का?

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. केंद्र चालू असणे आणि शहराचे पाणी केंद्रापर्यंत पोहोचणे यांत फार मोठे अंतर आहे.

पहिले कारण जोडण्यांचे. मुख्य वाहिनी रस्त्याखालून जाते. पण घराच्या मोरीपासून तिच्यापर्यंतची जोडणी घरमालकाने करायची की कंत्राटदाराने, या वादात ती राहून जाते. मग घराचे पाणी पूर्वीसारखेच उघड्या नालीत आणि नालीतून नाल्यात येते. केंद्र अर्ध्या क्षमतेवर चालते, त्यातून बाहेर पडणारे पाणी तपासणीत उत्तीर्ण होते आणि नाल्यात पाचशे फुटांवर ते कच्च्या सांडपाण्यात मिसळते. म्हणून नगरपरिषदेला केंद्र चालू आहे का, असे विचारू नये. शहरात रोज किती पाणी पुरवले जाते, त्यातले किती केंद्राच्या तोंडाशी मोजले गेले आणि उरलेले कोणत्या नाल्याने गेले, हे तीन आकडे मागावेत.

दुसरे कारण विजेचे. हवा काही तास बंद पडली तर जिवाणू तग धरतात, त्याहून जास्त वेळ पडली तर गाळ कुजू लागतो आणि टाकी पुन्हा रुळावर यायला दिवस लागतात. जनरेटर असतो, डिझेल असतेच असे नाही.

तिसरे कारण पावसाचे. जोराच्या पावसात गटारात पावसाचे पाणी शिरते, आवक क्षमतेच्या कितीतरी पट होते आणि केंद्र वाचवण्यासाठी जास्तीचे पाणी बाहेरून काढून देतात. हे तांत्रिकदृष्ट्या समजण्यासारखे आहे. कोरड्या डिसेंबरात तीच झडप उघडी असेल तर मात्र नाही.

चौथे कारण नाल्यातच असते. वर्षानुवर्षे तळाशी साचलेला गाळ हवेविना कुजतो, त्यातून निघणारा वायू लोहाशी मिळून पाणी काळे करतो. त्यामुळे केंद्र अगदी नीट चालू लागले तरी गाळ काढल्याशिवाय नाल्याचा रंग लवकर पालटत नाही. पाणी उंचावरून पडते तेथे येणारा पांढरा फेस बहुतांशी साबण-पावडरचा असतो. तो नसला म्हणून पाणी चांगले ठरत नाही.

६. शुद्ध केलेले पाणी अगदी निवळ दिसते. भाजीपाल्याला दिले तर चालेल का?

पाणी निवळ दिसते याचा अर्थ कण खाली बसले, एवढाच. रोगजंतू व जंतांची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. शेवटचा क्लोरीनचा टप्पा बंद असेल तर बीओडी १० असलेल्या पाण्यातही कोलिफॉर्म लाखांनी असू शकतात.

कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी, म्हणजे सांभार (कोथिंबीर), मेथी, मुळा, काकडी, कांद्याची पात यांसाठी, जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये सुचवलेली कसोटी अशी आहे की १०० मिलिलिटरला फीकल कोलिफॉर्म १,००० पेक्षा जास्त नसावेत आणि लिटरमागे जंताचे एकापेक्षा जास्त अंडे नसावे. आपण ज्या ठिकाणाहून पाणी उचलतो तेथील तपासणीत हे बसत नसेल तर त्या पाण्यावर पालेभाजी घेऊ नये, बाजार कितीही जवळ असला तरी. कपाशी, गहू, तूर, हरभरा, चाऱ्याची पिके आणि झाडोरा यांना धोका कमी, कारण पीक वाळते, शिजते किंवा खाल्लेच जात नाही. येथे खरा धोका पिकापेक्षा ओलीत करणाऱ्या माणसाला असतो. अनवाणी पायाने सरी फोडणाऱ्याला अंकुशकृमी होतो, म्हणून गमबूट आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुणे हे नियम मजुरालाही लागू करावेत. तुषार संच या पाण्यावर लावूच नये. तुषार वाऱ्याने दूर जातात.

एक स्वस्त उपाय मात्र आहे. पाणी शेततळ्यात ८ ते १० दिवस स्थिर राहू दिले तर जंतांची बहुतेक अंडी तळाशी बसतात. पंपाचा फुटव्हॉल्व्ह तळाला न टेकवता वरच्या थरात ठेवावा. जिवाणू यानेही पूर्ण जात नाहीत, म्हणून पालेभाजीचा नियम कायम.

७. नाल्याच्या पाण्यावर युरिया लागत नाही म्हणतात. खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे. नेमके किती, ते केंद्रावर अवलंबून आहे.

कच्च्या सांडपाण्यात लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आसपास नत्र असतो. प्रश्न १ मधील मापाने एका ओलितातून एकराला सुमारे पावणेदहा किलो आणि गव्हाच्या पाच ओलितांतून ४८ किलो नत्र पडतो. वेळेवर पेरलेल्या ओलिताच्या गव्हाला हेक्टरी १२० किलो, म्हणजे एकरी ४८ किलो नत्राची शिफारस आहे. म्हणजे दोन गोण्यांहून जास्त युरिया पाण्यातूनच आला. त्यावर सवयीने आणखी युरिया टाकला की गहू लोळतो. माझ्या स्वतःच्या वावरात पहिल्या वर्षी तो लोंबी भरण्याच्या सुमारास लोळला आणि दोष वाऱ्याला देऊन मी मोकळा झालो होतो. कपाशीत हाच नत्र पाला वाढवतो, बोंडे उशिरा धरतात आणि मावा-तुडतुड्यांना कोवळा पाला मिळतो. गव्हाचे पाणी थांबवता येते, पण पाण्यातला नत्र पिकाच्या गरजेप्रमाणे मागेपुढे करता येत नाही, ही या खताची मुख्य अडचण आहे.

नव्या पद्धतीची केंद्रे नत्रही काढतात. तेथून येणाऱ्या पाण्यात १० मिलिग्रॅमच नत्र असेल तर पाच ओलितांत एकरी जेमतेम १२ किलो पडेल आणि युरिया लागेलच. म्हणून केंद्र नीट चालू लागल्यावर उत्पादन घटले, अशी तक्रार आली तर तिला वेडगळ समजू नये. पाण्यातील नत्र तपासून मात्रा नव्याने ठरवावी.

८. आम्ही खारपाणपट्ट्यात आहोत. बोअरपेक्षा शहराचे पाणी गोड आहे, मग ते द्यायला काय हरकत?

अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यातून हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि याचे उत्तर इतर भागांपेक्षा वेगळे आहे. तेथील भूजल खारे आहे, त्यामुळे शहराने दूरच्या धरणातून आणलेले पाणी सांडपाणी होऊन आले तरी बोअरच्या पाण्यापेक्षा कमी खारट लागते. मात्र वापरात त्यात मिठाची, साबणाची भर पडते आणि सोडियम वाढते. खारपाणपट्ट्याच्या काळ्या मातीत सोडियम आधीच जास्त. अशा मातीला एकूण क्षार कमी पण सोडियमचे प्रमाण जास्त असलेले पाणी दिले तर चिकणमातीचे कण सुटे होतात, भेगा व छिद्रे बुजतात, पाणी वरच साचते आणि वाळल्यावर जमीन दगडासारखी होते.

शिवाय या मातीत निचरा नाही. भरपूर ओलीत मिळाले म्हणून ऊस किंवा बारमाही चारा घेतला तर खालची खारी पातळी वर चढते आणि काही वर्षांत पृष्ठभागावर पांढरी पुटे दिसू लागतात. तेव्हा या पट्ट्यात हे पाणी संरक्षित ओलितापुरतेच वापरावे. हरभऱ्याला फुलोऱ्याआधी व घाटे भरताना एकेक हलके पाणी, पावसाच्या खंडात कपाशीला एखादे, इतके पुरे. त्यापूर्वी माती व पाणी दोन्ही तपासून घ्यावे आणि जिप्समची मात्रा त्या अहवालावरून ठरवावी, शेजाऱ्याच्या अनुभवावरून नव्हे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात खारपाण जमिनींवर दीर्घकाळ काम झालेले आहे. तेथील सल्ला घ्यावा.

९. संत्र्याच्या बागेला दिले तर?

संत्रा क्षारांना व क्लोराइडला हळवा आहे, तेव्हा पाण्याची क्षारता तपासल्याशिवाय देऊ नये. द्यायचेच तर दुहेरी आळ्याने, खोडाला पाणी लागणार नाही असे द्यावे. खोडाशी ओल राहिली की डिंक्या येतो, आणि ते कोणत्याही पाण्याला लागू आहे. तोडणीच्या दोन आठवडे आधी हे पाणी थांबवावे आणि जमिनीवर पडलेले फळ विक्रीत मिसळू नये.

१०. गुरे नाल्यावरच पाणी पितात. त्यांना काही होत नाही, असे दिसते.

गुरांना होणारे दुखणे पुष्कळदा दिसत नाही. माणसाच्या विष्ठेतील पट्टकृमीची अंडी गुरांच्या पोटात गेली की त्यांच्या स्नायूंत गाठी धरतात. जनावर धडधाकट दिसते. दुभत्या जनावराच्या बाबतीत आणखी एक वाट आहे. नाल्यात बसलेल्या म्हशीची कास न धुता दूध काढले तर जंतू थेट बादलीत जातात. गुरांसाठी वेगळा हौद बांधणे ग्रामपंचायतीला जड नाही. या पाण्यावरचा चारा कापण्यापूर्वी दोन आठवडे ओलीत बंद ठेवावे आणि चारा उन्हात सुकवून घालावा.

११. नाल्यापासून दीडशे फुटांवर आमची विहीर आहे. पाणी गढूळ नाही, वास नाही. प्यावे का?

तपासल्याशिवाय पिऊ नये. काळी माती ओली असताना फुगते आणि पाणी अडवते, पण उन्हाळ्यात तिला पडलेल्या हातभर भेगांतून वरचे पाणी थेट खालच्या मुरुमात उतरते. त्याखालचा बेसाल्ट फुटका असेल तर ते फारसे गाळले न जाता विहिरीपर्यंत येते. म्हणून अंतर किती फूट आहे, यावरून काहीच सांगता येत नाही.

दोन तपासण्या कराव्यात. एक जिवाणूंची: १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू एकही सापडता कामा नये. त्यावर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हा उपाय आहे, योग्य मात्रेत आणि दर वेळी. दुसरी नायट्रेटची: पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. नायट्रेटवर टीसीएलचा परिणाम होत नाही आणि पाणी उकळल्यास ते कमी होण्याऐवजी दाट होते. सहा महिन्यांच्या आतील बाळाला वरचे दूध किंवा पावडर कालवून देत असतील तर असे पाणी मुळीच वापरू नये. बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती त्याने घटते. म्हणून ही तपासणी बाकी कशाहीपेक्षा आधी करावी.

१२. आमच्या गावात गटार योजना नाही. आमच्या नालीच्या पाण्याचे आणि सेप्टिक टाकीचे काय करावे?

शहराकडे बोट दाखवताना हा प्रश्न स्वतःला विचारणारी गावे थोडी आहेत, म्हणून उत्तर सविस्तर देत आहोत.

मोरीच्या पाण्यासाठी शोषखड्डा हा पहिला उपाय. नांदेड जिल्ह्यातून सर्वत्र पसरलेला चार फूट लांब-रुंद-खोल मॅजिक पिट मुरमाड व रेताड जमिनीत उत्तम चालतो. भंडारा-गोंदियाकडे त्याचा अनुभव चांगला येतो. भारी काळ्या मातीत मात्र तो पहिल्याच श्रावणात तुंबतो, कारण भिजलेली चिकणमाती पाणी घेत नाही. तेथे खड्डा मुरमाच्या थरापर्यंत न्यावा, आणि मुरूम फार खोल असेल तर घरोघरी खड्ड्यांचा हट्ट सोडून नाल्या एकत्र करून गावाच्या खालच्या अंगाला तळी करावीत. दीड मीटरच्या आतबाहेर खोलीच्या तळ्यांत पाणी दहा-पंधरा दिवस राहिले की ऊन आणि शेवाळ मिळून बरेचसे काम करतात. वीज लागत नाही, जागा मात्र लागते, आणि ऊन तर आपल्याकडे कधीच कमी पडत नाही. जागा कमी असेल तर नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली फायटोरिड पद्धत आहे. तिच्यात खडी भरलेल्या वाफ्यांत कर्दळ, पाणकणीस यांसारख्या वनस्पती लावतात आणि पाणी खडीच्या आतून वाहते, त्यामुळे डास होत नाहीत. तिची खडी तुंबू नये म्हणून आधीची गाळ बसवण्याची टाकी नियमाने उपसावी लागते. ती कोण उपसणार, हे ठरवल्याशिवाय वाफे बांधू नयेत.

माणशी ५५ लिटर नळपाणी येणाऱ्या दोन हजार वस्तीच्या गावात रोज पाऊण लाख लिटरहून जास्त सांडपाणी तयार होते. पूर्व विदर्भात ते गावच्या मालगुजारी तलावात सोडले की दोन-तीन वर्षांत जलपर्णी माजते, आणि मग तलाव साफ करण्याचा खर्च नालीच्या खर्चाहून मोठा होतो.

संडासासाठी नव्याने बांधणाऱ्यांनी दोन खड्ड्यांचा पर्याय घ्यावा. एक भरला की दुसरा वापरावा आणि भरलेला किमान दीड वर्ष बंद ठेवावा. आतील मैल्याचे खत होते. सेप्टिक टाकी असेल तर ती दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. टाकीतून बाहेर पडणारे पाणी शुद्ध नसते, ते शोषखड्ड्यातच गेले पाहिजे. उपसणाऱ्या गाडीने मैला धुऱ्यावर किंवा नाल्यात ओतू नये. तो प्रक्रिया केंद्रात रिकामा केल्याची पावती मागावी. साताऱ्यातील वाई शहरात प्रत्येक टाकी तीन वर्षांनी ठरावीक क्रमाने उपसण्याची पद्धत आहे. तालुक्याच्या गावाने आसपासची खेडी जोडून तसे करणे अवघड नाही.

टाकीत माणूस उतरवू नये. तेथील वायूचा वास जास्त प्रमाणात येईनासाच होतो आणि पहिल्याला काढायला गेलेला दुसराही मरतो. हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने धोकादायक पद्धतीची ही सफाई गुन्हा आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. टाकीच्या हवेच्या नळीला जाळी बांधावी: हत्तीपायाचा प्रसार करणारा क्युलेक्स डास घाण पाण्यात व सेप्टिक टाक्यांत वाढतो, आणि पूर्व विदर्भात तो आजार जुना आहे. डेंग्यूचा डास वेगळा. तो घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, त्याचा दोष नाल्याला देऊ नये.

१३. केंद्रावरचा वाळलेला गाळ खत म्हणून फुकट देतात. घ्यावा का?

घ्यावा, दोन अटींवर. पहिली, जंतांची अंडी वाळलेल्या गाळातही महिनोन्महिने टिकतात. म्हणून काडीकचऱ्यात मिसळून ढीग करून तो आतून ५५ अंशांपर्यंत तापू द्यावा, परतावा आणि मगच पेरणीपूर्वी मातीत मिसळावा. उभ्या पिकात टाकू नये. दुसरी, जड धातूंचा अहवाल पाहावा. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी किलोमागे शिसे १०० व कॅडमियम ५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. ज्या शहरात कारखान्यांचे किंवा मुलामा देण्याच्या दुकानांचे पाणी गटारात येते तेथे हा अहवाल नसेल तर गाळ नाकारावा. धातू एकदा वावरात आले की परत निघत नाहीत.

१४. शहर आता शुद्ध केलेले पाणी वीज केंद्राला देणार आहे. मग आमच्या नाल्यात काय राहील?

ही भीती निराधार नाही. २०१६ च्या राष्ट्रीय वीजदर धोरणानुसार प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक वीज केंद्रांनी शुद्ध केलेले सांडपाणी वापरणे अपेक्षित आहे, आणि विदर्भात कोराडी, खापरखेडा, मौदा, चंद्रपूर, पारस, तिरोडा अशी अनेक केंद्रे आहेत. नागपूरच्या भांडेवाडी येथून रोज १३ कोटी लिटर पाणी कोराडीला देण्याची योजना तर या धोरणाच्याही आधीची आहे. अशा योजनांमागचा विचार चांगला आहे: धरणाचे तेवढे पाणी पिण्याला व शेतीला वाचते. नाग नदीचे पाणी कन्हानमार्गे वैनगंगेत आणि तेथून गोसीखुर्दच्या जलाशयात जाते, तेव्हा तिच्यातील घाण कमी होण्यात खालच्या गावांचाही फायदा आहे.

पण हिशेबाची दुसरी बाजू अशी की धरणात वाचलेले पाणी एका गावाला मिळते आणि नाल्यातून गेलेले पाणी दुसऱ्याच गावाचे असते. ज्यांचे ओलीत वीस-तीस वर्षे या पाण्यावर आहे त्यांच्याकडे बहुधा उपशाचा परवाना नसतो, त्यामुळे कागदावर ते अस्तित्वातच नसतात. करार होण्यापूर्वी ग्रामसभेचा ठराव करून किती मोटारी, किती एकर, कोणत्या महिन्यांत, अशी नोंद जलसंपदा विभागाकडे व नगरपरिषदेकडे द्यावी आणि किमान प्रवाह सोडण्याची मागणी करावी. आमचे मत स्पष्ट आहे: शुद्ध केलेल्या पाण्याच्या प्रत्येक करारात नाल्याचा वाटा लिहिलेला असावा.

१५. तक्रार करायची आहे. बाटलीत पाणी भरून नेले तर पुरावा होतो का?

माहिती होते, कायदेशीर पुरावा होत नाही. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने, संबंधिताला नोटीस देऊन, त्याच्यासमोर दोन भाग करून, मोहोरबंद करून घ्यावा लागतो. तरीही स्वतःचा नमुना आधी तपासून घेण्याचा उपयोग होतो, कारण तक्रारीत ठोस आकडा लिहिता येतो. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावा. मेच्या उन्हात गाडीच्या डिकीतून गेलेल्या बाटलीचा बीओडी कशाचाच नसतो. सकाळी सात ते दहा ही शहराच्या वापराची मोठी वेळ, म्हणून नमुना तेव्हा एक आणि दुपारी एक असा घ्यावा. केंद्रातून पाणी बाहेर पडते तेथे, नाल्यात ते मिसळण्याच्या जागेच्या वर आणि तुम्ही पाणी उचलता तेथे, असे तीन ठिकाणचे आकडे एकत्र दिले की दोष केंद्राचा की जोडणी न झालेल्या वस्त्यांचा, हे कोणालाही नाकारता येत नाही (प्रश्न ५ पाहावा). तक्रार मंडळाच्या नागपूर, अमरावती किंवा चंद्रपूर येथील प्रादेशिक कार्यालयाकडे करावी आणि संमतिपत्र व मासिक अहवाल माहिती अधिकारात मागावेत.

१६. वर्षभर काही होत नाही, पण मृगाच्या पहिल्या पावसात नाल्यातील मासे मरून तरंगतात. कोणी विष सोडते का?

दर वर्षी पहिल्याच मोठ्या सरीनंतर हे होत असेल तर विषाची शक्यता कमी. उन्हाळाभर तळाशी कुजलेला गाळ आणि शहरातील नाल्यांत साचलेली घाण पहिल्या लोंढ्याने एकदम ढवळली जाते आणि काही तासांत पाण्यातला प्राणवायू संपवते. मासे पहाटे वर येऊन तोंड उघडताना दिसले, तर कारण बहुधा हेच असते. मासे गाळ ढवळलेला नसताना, पाऊस नसताना, किंवा एकाच बाजूच्या पाण्यात मेले तर मात्र कारखान्याचे पाणी किंवा फवारणीचे औषध यांचा संशय घ्यावा, तासाभरात पाण्याचा व मेलेल्या माशांचा नमुना बर्फात ठेवावा आणि मंडळाला फोनवर न सांगता लेखी कळवावे. दोन्ही प्रसंगी ते मासे खाऊ नयेत, आणि नाल्याचा मोटारपंप पहिल्या पावसानंतरचे दोन-तीन दिवस बंद ठेवावा.